गाव नावं ठेवतं, तेव्हा मुलाला काय सांगायचं?

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. माझं लग्न झालेलं नाही. ज्याने वचन दिलं होतं त्याने दिवस गेल्यावर हात वर केले आणि वर्षाच्या आत दुसरीकडे लग्न लावून घेतलं. तो याच गावात राहतो, स्टँडजवळ दुकान आहे. मी आईवडिलांकडे राहून शिवणकाम करते. मुलाला सांगितलंय, बाबा देवाघरी गेले. शाळेत वडिलांच्या जागी माझ्या वडिलांचं नाव लावलंय. गेल्या महिन्यात चुलतबहिणीच्या हळदीत मला सांगितलं, तू पुढे येऊ नकोस. त्याच दिवशी मांडवात पोरांच्या घोळक्यात कुणीतरी माझ्या मुलाला म्हणालं, तुला बाप नाहीच. तो घरी आला आणि काहीच बोलला नाही. माझी लाज त्याला लागू नये, एवढंच हवंय. त्याला बहिणीकडे पुण्याला ठेवू का? की आम्ही दोघंच कुठेतरी लांब जाऊ?"

ताई, महिला आणि मुलांच्या समुपदेशनाचं काम मी सव्वीस वर्षं करते आहे. त्यातली बरीचशी वर्षं तालुक्याच्या गावात गेली, त्यामुळे तुमचा मांडव, तुमची गल्ली मला न बघताही दिसते. तुम्ही गाव सोडण्याबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर देतेच. पण तुमच्या मजकुरात माझी नजर अडकली ती एका वाक्यावर. तो घरी आला आणि काहीच बोलला नाही.

आठ वर्षांचं पोर, कुणी पेन्सिल घेतली तरी दारातूनच ओरडत येतं. त्याने एवढं मोठं वाक्य ऐकलं आणि गिळलं. ते समजलं नाही म्हणून गिळलं, असं मला वाटत नाही. हा विषय घरात काढायचा नसतो, काढला की आईचा चेहरा उतरतो, एवढं त्याला कधीच कळून चुकलंय. गाव काय म्हणतं याचा बंदोबस्त नंतर करू. आज तुमच्या घरात एक लहान मूल आपल्या आईला सांभाळत बसलंय, आधी त्याच्याकडे बघू.

असाच एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. दहा वर्षांचा असेल. आई बाहेर बाकावर. माझ्या टेबलावर शाईचं पॅड होतं, त्यात तो अंगठा बुडवायचा आणि रद्दी कागदावर ठसे उमटवायचा, एकाखाली एक, रांगेत. मी काही विचारलं नव्हतं. तो कागदावरून मान न उचलता म्हणाला, "मॅडम, माझे पप्पा वारलेले नाहीत. मला माहितीये. पण आईला सांगू नका, तिला वाटतं मला माहीत नाही." कधीपासून माहीत आहे, विचारलं, तर म्हणाला, पहिलीपासून. म्हणजे जवळजवळ चार वर्षं ते पोर दर पितृपंधरवड्यात फोटो नसलेल्या बापाला नमस्कार करत होतं, आईचं खोटं उघडं पडू नये म्हणून. निघताना त्याने अंगठा पँटला पुसला, मग घाबरून माझ्याकडे बघितलं, डाग दिसतोय का म्हणून. तो डाग मला अजून दिसतो.

तुमच्या मुलाला सगळं माहीत आहे, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्याला देवाघरी गेलेलं सांगितलंय तो माणूस रोज स्टँडवर दुकानाचं शटर उघडतो, आणि गावातल्या प्रत्येक घरात ते माहीत आहे. हे खोटं टिकणारं नाही. त्याला खरं कळणार हे ठरलेलं आहे. ते तुमच्या तोंडून, तुमच्या मांडीजवळ बसून कळायचं की शाळेच्या मुतारीमागे कुणीतरी हिणवताना कळायचं, एवढंच तुमच्या हातात उरलंय.

आता लाजेबद्दल. आपल्या भाषेत ही वस्तू कशी बोलली जाते बघा. घराची लाज राख. लाज आणलीस. लाज वेशीला टांगली. लाज सगळ्या घराची, आणि ती सांभाळायची जबाबदारी मात्र एकट्या बाईची, तीही पगाराशिवाय आणि सुट्टीशिवाय. दोघांच्या मर्जीने जे घडलं त्यात एकाने शब्द मोडला. शब्द मोडणाऱ्याची वरात त्याच रस्त्याने वाजतगाजत गेली आणि शब्दावर विश्वास ठेवणारीला हळदीत मागे उभं केलं. हे चूक आहे, ताई. तुमच्या हातून विश्वास ठेवण्याची चूक झाली असेल, ती कबूल करायला हरकत नाही. पण चूक झाली म्हणणं वेगळं आणि मीच कलंक आहे म्हणणं वेगळं. पहिल्यातून माणूस पुढे जातो. दुसऱ्यात तो खाली बघून चालायला लागतो, आणि त्याचं बोट धरून चालणारं मूलही खाली बघायला शिकतं.

मुलं लाज शब्दांतून शिकत नाहीत. स्टँडजवळून जाताना तुमची मूठ आवळली जाते, ते त्याच्या बोटांना कळतं. कुणी नाव विचारलं की तुमचा आवाज उतरतो. शाळेचा फॉर्म भरताना पेन एका ओळीवर थांबतं. ओळखीची बाई समोरून आली की तुम्ही रस्ता ओलांडता. गावातली पोरं वर्षातून दोनदा काहीतरी बोलली असतील, पण हे सगळं तो रोज बघतो. हे वाचून स्वतःला आणखी दोष देऊ नका. मी हे लिहिते आहे कारण यातलं बरंच तुम्हाला बदलता येतं. गावाचं तोंड बंद करणं कुणाच्याच हातात नाही, स्वतःची मूठ सैल करणं सरावाने जमतं.

पुढचं सांगण्याआधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते बोलून टाकते. त्या माणसाकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून मारहाणीची, मुलाला पळवण्याची धमकी असेल, किंवा तुमच्याच भावकीतलं कुणी अंगावर येत असेल, तर माझा सगळा सल्ला बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. दुसरं, जे घडलं त्यात जबरदस्ती असेल, किंवा तेव्हा तुमचं वय अठराच्या आत असेल, तर मुलाला काय आणि कधी सांगायचं याचा विचार वेगळा करावा लागतो, तो एखाद्या समुपदेशकाबरोबर बसूनच करा. तिसरं, आईवडील तुमच्या बाजूने आहेत की नुसतं छप्पर देतात, यावर फार काही ठरतं. तुमच्या मजकुरावरून ते बाजूने असावेत असं वाटतं, मी तसं धरून लिहिते. आणि कधी रात्री जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारी मानसिक आरोग्याची सेवा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आता पुण्याचं. मुलाला एकट्याला बहिणीकडे ठेवू नका. बहीण कितीही मायाळू असू दे. त्याच्या जागी उभं राहून बघा: मांडवात कुणीतरी म्हणालं तुला बाप नाही, आणि महिन्याभरात त्याची बॅग भरली. तो याचा एकच अर्थ लावेल, माझ्यात काहीतरी खोट आहे आणि म्हणून मला घरातून काढलं. अशी लांब ठेवलेली मुलं मी मोठी झालेली बघितली आहेत. त्यांना चांगली शाळा मिळाली, इंग्रजी चांगलं आलं. पण तिशी उलटली तरी त्यांचा प्रश्न एकच असतो, मला का पाठवलं. ते कुणी नीट समजावून सांगितलं तरी पोटात उतरत नाही.

दोघांनी मिळून जाण्याला माझा विरोध नाही. शिवणकामाला शहरात जास्त पैसे मिळतील, शाळा बरी मिळेल, रोज तो चेहरा दिसणार नाही, ही सगळी कारणं चांगली आहेत. काही बायकांचं आयुष्य गाव सोडल्यावरच मार्गी लागलं. पण जाताना देवाघरच्या बाबांची गोष्ट सामानात बांधून नेऊ नका. नव्या गल्लीत पहिल्याच महिन्यात घरमालक विचारतो, शाळा विचारते, शेजारीण विचारते. प्रत्येकीला वेगळी तारीख, वेगळा आजार सांगत बसायचं आणि मुलाने ते पाठ करायचं. गावात निदान लपवायचं काही नव्हतं. जायचं तर खरं सांगून झाल्यावर जा, कामाचं आणि खोलीचं जमवून जा. शाळेचं वर्ष संपल्यावर गेलात तर त्याला मित्रांचा निरोप घेता येईल. पळून गेल्यासारखं वाटू नये.

गावाला किंमत मोजली की गाव मुलाला पदरात घेईल, ही आशा बऱ्याच आयांना असते. म्हणून त्या आणखी मान खाली घालतात, उपास धरतात, समारंभात आपणहून मागे थांबतात. यावर मला नेहमी आळंदीची चार भावंडं आठवतात. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची ही मुलं, संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली. परंपरा सांगते की मुलांच्या मुंजी व्हाव्यात म्हणून आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. त्याहून मोठी किंमत कोणती असते? तरीही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपानाला मुंज मिळाली नाही, शुद्ध झाल्याचं पत्र धर्मपंडितांकडून मिळवण्यासाठी पैठणपर्यंत पायपीट करावीच लागली. आणि आईबाप नसलेली पोरं मागे राहिली ती राहिलीच. तुमच्या मागे थांबण्याने तुमच्या मुलाला पुढची जागा मिळेल, असं मला एकाही गावात दिसलेलं नाही. आई मागे थांबली की तो मागे थांबतो.

मग हळदीत काय करायचं होतं? दर वेळी भांडायचं का? नाही. मी बायकांना सांगते, घरातल्या एका मोठ्या माणसाला आधीच तयार करा. तुमच्या वडिलांना किंवा आईला स्पष्ट विचारा: पुढच्या कार्यात कुणी मला किंवा नातवाला मागे सारलं तर तुम्ही काय म्हणाल? हे त्या क्षणी सुचत नाही, आधी ठरवावं लागतं. आजोबांनी मांडवात नातवाचा हात धरून, "हा माझा नातू, हा माझ्याबरोबर बसेल," एवढं चारचौघांत म्हटलं तर त्याचं वजन तुमच्या दहा भांडणांपेक्षा जास्त आहे. आणि तेही करायची त्यांची तयारी नसेल, तर त्या कार्याला मुलाला घेऊन जाऊच नका. घरी थांबा, दोघं मिळून काहीतरी छान करा, आणि त्याला खरं कारण सांगा: "तिथे आपल्याशी नीट वागत नाहीत, म्हणून आपण नाही गेलो." पोट दुखतंय असली सबब नको.

मोठ्यांनी पुढे होण्याबद्दल लिहिते आहे तर सावित्रीबाईंची एक गोष्ट सांगते, ती मला फार बळ देते. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन बाळंत व्हावं म्हणून. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं अग्नीचं मडकं, कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, यशवंताचा हक्क मानायला ते तयार नव्हते. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेपुढे चालल्या. मुलाला तिथे आपला हक्क सिद्ध करत उभं राहावं लागलं नाही. आईच पुढे झाली. तुमच्याकडून एवढ्या मोठ्या गोष्टीची अपेक्षा कुणी करत नाही. पण मुलाच्या जागेचा वाद निघाला की तो मोठ्या माणसाने अंगावर घ्यायचा, मुलाला तो लढायला लावायचा नाही, एवढं तिथून जरूर घ्या.

आता बाहेरच्यांना द्यायचं उत्तर. यासाठी एक वाक्य लागतं, लहान आणि खरं, आणि ते पाठ असावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांबरोबर मी हे अक्षरशः घोकून घेते. "याला मी एकटी वाढवते." बस. पुढे कुणी खोदलं, बाप कुठे असतो वगैरे, तर "ते आमच्या घरातलं आहे, तुमचं काय चाललंय?" आवाज चढवायचा नाही, उतरवायचाही नाही. भाजीचा भाव सांगतो त्या आवाजात. पहिल्या चार-पाच वेळा घसा कोरडा पडेल. एका बाईने मला सांगितलं होतं की पहिल्यांदा हे वाक्य म्हटल्यावर ती घरी येऊन तासभर थरथरत होती, आणि दुसऱ्या दिवशी तिची लेक शाळेत कुणाला तरी अगदी त्याच सुरात म्हणाली, "मला आई वाढवते." मुलं आपलं वाक्य उचलतात. म्हणून आपल्याकडे उचलण्यासारखं वाक्य असायला हवं.

शाळेत एकदा वर्गशिक्षकांना जाऊन भेटा, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर. रडगाणं नको, विनंतीही फार लांबवू नका. तीन गोष्टी सांगा: मी एकल पालक आहे, मुलाला वर्गात वडिलांबद्दल उभं करून विचारू नका, आणि कुणी चिडवताना दिसलं तर मला कळवा. बहुतेक शिक्षक हे मनापासून करतात. 'माझे बाबा' हा निबंध आला की हमखास अडचण होते. तेव्हा 'माझे आजोबा' लिहायची मुभा आधीच मागून ठेवा.

कागदांचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्या मजकुरात मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली दुसरी गोष्ट हीच. वडिलांच्या रकान्यात आजोबांचं नाव. बहुधा शाळेत घालताना कुणीतरी सोपा मार्ग म्हणून सुचवला असेल, बऱ्याच ठिकाणी हेच करतात. पण कागदोपत्री त्यामुळे तुमचा मुलगा तुमचा भाऊ झाला आहे. जन्मदाखला एक सांगतो, शाळा दुसरं सांगते, आणि पुढे जातीच्या दाखल्याला, वारसाला, पासपोर्टला हे आडवं येतं. शिवाय मोठा झाल्यावर तो हा कागद स्वतः वाचणार आहे.

कायदा या बाबतीत गावापेक्षा पुष्कळ पुढे आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे, त्यात विवाहाबाहेर झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, मग वडील, असं स्पष्ट लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये एका अविवाहित आईच्या प्रकरणात सांगितलं की पालकत्वासाठी तिला वडिलांचं नाव उघड करायची सक्ती करता येणार नाही, आणि अशा आईने प्रतिज्ञापत्र दिलं की तिच्या मुलाचा जन्मदाखला दिला पाहिजे. पासपोर्टच्या अर्जात डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. पॅन कार्डासाठी आई एकल पालक असेल तर वडिलांचं नाव डिसेंबर २०१८ पासून सक्तीचं राहिलेलं नाही. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावामागे आधी आईचं नाव लागतं, लग्नाच्या आईचं असो की बिनलग्नाच्या. तुमचा मुलगा त्याआधीचा असला तरी आईचं नाव लावणारी मुलं आता शाळेत येणार आहेत, त्याचं वेगळेपण दरवर्षी कमी होत जाईल.

तेव्हा आधी जन्मदाखला काढून बघा, त्यात वडिलांचा रकाना कोरा आहे की तिथेही आजोबा आहेत. कोरा असेल तर निम्मं काम झालं. तो दाखला, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे जा, जनरल रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करून मागा. पुढची मंजुरी शिक्षण खात्याकडून येते, वेळ लागतो, खेटे पडतात. पण हे तो शाळेत आहे तोवरच करा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला आणि मुलाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

पैशाचंही दोन ओळीत. बालसंगोपन योजनेत एकल पालकांची, त्यात अविवाहित मातांचीही मुलं बसतात. महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, पुढे बालकल्याण समितीसमोर जावं लागतं. आणि त्या माणसाकडून मुलाच्या पोटगीचा हक्क आहेच, लग्न झालेलं नसलं तरी. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आहे. तो मागावा की नाही, हे तुम्ही ठरवा. तो मूल माझं नाही म्हणेल, डीएनए चाचणीचा विषय निघेल, गावात पुन्हा चर्चा होईल. काही बायका म्हणतात, त्याचा पैसा नको. काही म्हणतात, पैसा माझ्यासाठी नाही, मुलाच्या हक्काचा आहे. मला दुसऱ्या बाजूचं जास्त पटतं, पण मुलाला खरं सांगायच्या आधी कोर्टाची पायरी चढू नका. समन्स निघालं की गाव त्याच संध्याकाळी बोलतं.

कुणी विचारेल म्हणून सांगते, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा. जातपंचायतीने किंवा भावकीने बैठक घेऊन वाळीत टाकलं, कार्याला जायला, दुकानात घ्यायला, स्मशानात यायला बंदी घातली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तसं काही झालं तर बेधडक पोलिसांत जा. पण हळदीत तुम्हाला कुणी मागे थांब म्हटलं, ते त्या कायद्यात बसवायला जाऊ नका. ते घरातलंच दुखणं आहे, घरातल्याच माणसांनी काढायचं.

आता ज्या गोष्टीवर मी बायकांशी सगळ्यात जास्त वाद घालते, ती. तुम्ही ती लिहिलेली नाही, पण आज ना उद्या तुमच्या तोंडून निघेल. "बाळा, तू खूप शिक, मोठा हो, म्हणजे या लोकांची तोंडं बंद होतील." हे वाक्य प्रेमातूनच येतं. मुलगा मात्र ते वेगळंच ऐकतो: आईची मान वर करायची जबाबदारी माझी. मग गणितात कमी मार्क पडले की ते नुसते कमी मार्क राहत नाहीत, तो आईचा अपमान होतो. मी अशी हुशार मुलं बघितली आहेत, दहावीला बोर्डात झळकलेली, जी निकालाच्या दिवशी हसली नाहीत, नुसती सुटल्यासारखी बसून राहिली. आणि अशीही बघितली जी नापास झाल्यावर घरीच आली नाहीत, दोन दिवस शोधावं लागलं. गाव ज्या कर्जाचा हिशोब लावतंय ते मुळात तुमचं नाही, त्याचं तर अजिबात नाही. त्याला लपवून ते फेडू नका आणि त्याला चमकवूनही फेडू नका. तो मधल्या फळीतला मुलगा निघाला, त्याला क्रिकेट आवडलं आणि पाढे नाही आवडले, तरी तो तुमचा पुरता मुलगा आहे, हे त्याला कळायला हवं.

इथवरचं सगळं हळूहळू करता येईल. कागद, शाळा, आजोबा, गावाला द्यायचं वाक्य, सहा महिने लागले तरी चालतील. सांगण्याचं मात्र लांबवू नका, मांडवातलं वाक्य त्याच्या पोटात पडलेलं आहे.

सुट्टीचा दिवस निवडा, सकाळची वेळ. रात्री झोपताना सांगू नका, अंधारात मूल एकटं पडतं. समोरासमोर बसवूनही नको, मुलांना डोळ्यांत बघून अवघड बोलणं जड जातं. हाताला काम असू द्या. तुम्ही शिवता, त्याला बटणं निवडायला द्या, रंगांप्रमाणे वेगळी करायला. आणि सुरुवात मांडवापासून करा: "त्या दिवशी हळदीत तुला कुणीतरी काहीतरी म्हणालं ना? मला कळलं. तू मला सांगितलं नाहीस, कारण मला वाईट वाटेल असं तुला वाटलं. मला वाईट वाटलं तरी चालतं. तू सांगत जा."

मग थांबा. तो काही म्हणाला तर ऐका. नाही म्हणाला तर पुढे जा: "मी तुला बाबा देवाघरी गेले असं सांगितलं होतं. ते खरं नाही. तू लहान होतास आणि खरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. माझं चुकलं. तुझे बाबा आहेत. आमचं लग्न व्हायचं होतं, त्यांनी केलं नाही. तू पोटात होतास तेव्हा मी ठरवलं की तुला मी वाढवणार." एवढंच. माणूस वाईट होता, फसवलं, त्याची बायको, त्याचं घर, यातलं काही आज नको. त्याच्या अंगात त्या माणसाचंही रक्त आहे, त्याला शिव्या घातल्या की त्या निम्म्या मुलाला लागतात. पण उगाच चांगलाही रंगवू नका, नाहीतर तो दुकानाच्या दारात जाऊन उभा राहील.

तो एक प्रश्न जवळजवळ नक्की विचारतो: मी नको होतो म्हणून ते गेले का? या प्रश्नाचं उत्तर एका क्षणात द्यायचं, विचार करत बसायचं नाही. "नाही. ते गेले तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. त्यांना तू कसा आहेस हे माहीतच नव्हतं. ते मोठ्या माणसांचं होतं." हे पुन्हा पुन्हा विचारेल, महिन्याने, वर्षाने, बारा वर्षांचा झाल्यावर वेगळ्या शब्दांत. दर वेळी थोडं जास्त सांगता येईल, पण हे उत्तर बदलायचं नाही.

काही मुलं रडतात. काही खोटं सांगितल्याबद्दल चिडतात, दोन-चार दिवस बोलत नाहीत. ते चिडणं चांगलं आहे, आई सहन करू शकते असा विश्वास असल्याशिवाय मूल आईवर चिडत नाही. काही तर "बरं" म्हणून खेळायला पळतात आणि आठवड्याने भात कालवताना पहिला प्रश्न विचारतात. तुमचा यातला कुठला निघेल सांगता येत नाही.

आणि तो त्यांचं नाव विचारेल. ते सांगावं लागेल, कारण तुम्ही नाही सांगितलं तर गाव सांगेल. आठ वर्षांत तुम्ही ते नाव मोठ्याने उच्चारलं नसेल, असा माझा अंदाज आहे. म्हणून त्या सकाळच्या आधी दोन-चार दिवस, घरात कुणी नसताना, मशीन चालवता चालवता ते नाव म्हणून बघा. पहिल्यांदा पाय थांबेल. पाय न थांबता ते तोंडातून निघायला लागलं की मुलाला बटणं निवडायला बोलवा.